वाटणारीला पानं नसतात

आक्का, परवा आखाडातली अवस झाली. सकाळी दोन्ही घरचे दिवे मीच घासले. तुमची पितळी समई इतकी जड आहे हे मला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही तिला कुणाला हात लावू देत नव्हतात. चिंचेनं घासली, उन्हात ठेवली, तुमच्या देवापुढं नेऊन मांडली. भाया ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी पदर पुढं ओढला, आणि दोघंही गप्प. त्यात नवीन काही नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून थोरल्या दिराशी मी तोंडावर बोललेली नाही. काही सांगायचं झालं तर मी तुम्हाला सांगायचं आणि तुम्ही भायांना. त्यांना काही हवं असलं तर ते तुम्हाला आणि तुम्ही मला. आता ताट कधी पाठवायचं हेसुद्धा मला त्यांच्या दाराकडं बघून ओळखावं लागतं.

हे लिहायला वैशूनं सांगितलं. तिकडून जर्मनीतून फोनवर म्हणाली, "आई, आतल्या आत कुढू नकोस. आक्काशी बोलल्यासारखं लिहून काढ." लेक नर्स झाल्यापासून आईलाही औषध सांगते. तुम्ही असतात तर म्हणाल्या असतात, "रानात निंदण पडलंय आन् ही कागद काळे करून राह्यली." निंदणाला बाया लावल्यात, काळजी नसावी. एक आधीच सांगते. तुम्हाला जन्मात कधी 'तू' म्हणाले नाही. मनात कितीदा आलं. निदान कागदावर म्हणावं म्हणून दोन ओळी लिहून पाहिल्या, पण सासूला नावानं हाक मारल्यासारखं वाटायला लागलं. खोडल्या.

गावात जावा म्हटलं की लोक भांडण धरूनच चालतात. आपली भांडणं झाली, नाही असं नाही. पण आपण आधी भिडू झालो आणि जावा नंतर. मी नवी नवरी, कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं, माहेरची आठवण आली की न्हाणीत जाऊन रडायची. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की तुम्ही ट्रंकेतून, साडीच्या घडीतून पत्त्यांचा कॅट काढायचात. सासरी येताना पत्ते आणलेली सून मी दुसरी पाहिली नाही. शहागडला हायवेच्या कडेला तुमच्या वडलांचं हॉटेल होतं. ट्रकवाले जेवून बाजेवर आडवे झाले की वडील, दोन भाऊ आणि तुम्ही मागच्या पडवीत मेंढीकोट मांडायचात. चार माणसं, समोरासमोरचे भिडू, आणि चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, आपल्या बाजूला ओढायच्या. ते सगळं तुम्ही इकडं घेऊन आलात. शेजारच्या दोन बाया बोलावून चौकडी जमवलीत आणि मला समोर बसवलंत.

पहिल्याच डावात बदामाची उतारी झाली आणि मी हुकूम मारला. हातात बदाम असताना. हुकूम मारला की माणूस शूर दिसतो असा माझा समज. तुम्ही माझी पानं स्वतःकडं वळवून पाहिलीत.

"बदाम हाय ना गं तुझ्याकडं?"

"आहे."

"मंग बदाम दे. उतारी झाली म्हंजे मागणी झाली. असंल तर द्यायचं, लपवायचं न्हाई. नसंल तर तू मोकळी. हुकूम मार, न्हाईतर फालतू पान टाक, तुझी मर्जी. एवढंच हाय पत्त्यात."

एवढंच काही नसतं पत्त्यात, हे मला पुढं कळलं. पण त्या घरात मला कुणीतरी 'तुझी मर्जी' म्हटलेलं ते पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हा बोलले नाही, आता बोलते. ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

वाटणी झाली तेव्हा विहीर भायांकडं गेली आणि मोसंबीची बाग आमच्याकडं आली. पाणी पाळीनं घ्यायचं, असं तोंडी ठरलं. पाऊस बरा होता तोवर ठरलेलं चाललं. मग तो कोरडा उन्हाळा आला. विहिरीत जे काय होतं ते भायांच्या जनावरांना द्यायचं की आमच्या झाडांना, यावर माझं मत आजही वेगळं आहे, पण ते सोडा. विहिरीच्या काठावर दोघं भाऊ उभे होते. भाया म्हणाले, "हीर माझ्या वाट्याची हाय." हे म्हणाले, "मंग भाऊबी तुझा तूच." बस, इतकंच. शिवी नाही, मारामारी नाही. बाग वाळली, झाडं तोडून सरपण केलं. पुढं चांगले पाऊस झाले, विहीर काठोकाठ भरली, पण दोघांचं बोलणं काही परत सुरू झालं नाही.

आपल्याकडं अवसेला औत धरत नाहीत. ट्रॅक्टर आले तरी ती रीत मोडली नाही. म्हणजे महिन्यातून एक दुपार दोघं भाऊ घरी, एक त्या ओट्यावर, एक या ओट्यावर, एकमेकांकडं पाठ करून. अशाच एका अवसेला तुम्ही अंगणातल्या कडुलिंबाखाली वाकळ टाकलीत. मला म्हणालात, "बस समोर." मग कुणाकडंही न बघता मोठ्यानं म्हणालात, "दोन माणसं कमी पडून राह्यली. ज्याला यायचं त्यानं यावं. डावात चकार शब्द बोलायचा न्हाई, आधीच सांगते."

हे गेले, कारण पत्ते दिसले की यांना दम निघत नाही. भाया आले, कारण धाकटा आला तर आपण का मागं राहायचं. मी उठायला लागले. भायांसमोर पत्ते कसे खेळायचे? तुम्ही माझं मनगट धरून खाली बसवलंत. "पदर घे डोक्यावर आन् पानं घे हातात. पत्त्यात भाया नसतो."

आपण दोघी समोरासमोर, म्हणून ते दोघं समोरासमोर. न बोलणारे दोन भाऊ एकमेकांचे भिडू झाले, आणि मुळात बोलायलाच बंदी असल्यामुळं कुणाचीच पंचाईत झाली नाही. आणि जिंकायचे की हो! लहानपणी ढोरं राखताना एकत्र खेळलेले दोघं. भायांनी किलवरची राणी उतरली की राजा कुठं आहे ते यांना कळायचं. आपण बसायचो एकमेकींची तोंडं बघत. एकदा आपण कशाबशा जिंकलो, तर हे मला म्हणाले, "तिकडं निरोप दे, बायकांनी डोळे मिचकावू नयेत." मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही भायांना. भायांचा उलट निरोप आला, "त्याला म्हणावं, मिचकावूनबी बाकीचे डाव हरत्यात." तो निरोप मी यांना दिला तेव्हा हे तोंड फिरवून हसले. मी पाहिलं. तुम्हालाही येऊन सांगितलं होतं.

आणि ती चौकटची गोष्ट. चौकटची उतारी होती, यांनी हुकूम मारून हात घेतला. पुढं यांच्याच हातून चौकटची सत्ती पडली. पान असून हुकूम मारला तर विरुद्ध बाजूला तीन हात द्यायचे, हा आपल्या घरचा नियम. विरुद्ध बाजूच्या आपण, पण आपल्या दोघींच्या काही ध्यानात आलं नाही. आलं भायांच्या. गप्प बसले असते तर तो डाव त्यांचाच होता. त्यांनी पानं पालथी ठेवली आणि तुम्हाला म्हणाले, "त्याला इचार, मघा चौकट नव्हती का?" तुम्ही मला विचारलंत, मी यांना विचारलं. चौघं एका वाकळीवर, गुडघ्याला गुडघा, आणि प्रश्न असा गावभर फिरून चाललेला. हे म्हणाले, "नजरचुकीनं झालं म्हणावं." मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही भायांना. तीन हात आपल्याकडं आले.

त्याच दिवशी भांडी घासताना आपलं वाजलं. मी म्हणाले, "आक्का, पत्त्यात एवढे सरळ वागतात, मग एकदा दोघांना समोर बसवून बोलायला लावा ना. तुम्ही थोरल्या. तुमचं ऐकतील."

तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडं ते पान आत्ता न्हाई, सुमन. नसलेलं पान कसं मागायचं?"

"पान आहे. दाबून बसलेत."

"तुला काय म्हाईत?"

"नाही म्हणून तुम्हाला तरी काय माहीत?"

तुम्ही राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "भगुनं नीट घास, खरकटं राह्यलंय." ते भांडण तिथंच थांबलं. तुम्ही एवढ्या जवळून दोघांना पाहत होतात आणि तरी कधी दम देऊन बोलायला लावलं नाहीत, याचा मला राग यायचा. अजून येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या दिवाळीला वैशू सुट्टीवर आली. ती तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात नर्स आहे. तिथल्या एका आजोबांनी तिला पत्ते शिकवले होते. येताना सगळ्यांना चॉकलेटं आणि तुम्हाला पत्त्यांचा कॅट. बत्तीसच पानं, दुऱ्यापासून छक्क्यापर्यंत काहीच नाही. तुम्हाला वाटलं पोरीला दुकानदारानं फसवलं. मग तिनं समजावलं. खेळाचं नाव स्काट. तिघांचा खेळ. एकटा एकीकडं, दोघं एकीकडं. चौघं असले तर जो वाटतो त्याला पानं नसतात, तो त्या डावात नुसता बसतो.

तुमचा पहिला प्रश्न काय होता, आठवतं? "उतारीचं पान द्यावंच लागतं का?"

"लागतं."

"आन् नसंल तर?"

"नसेल तर काहीही टाक. हुकूम मारलाच पाहिजे असं नाही."

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मंग जर्मनीतबी सोयरीक जमती आपली!"

वैशूनं तिथंच थांबायला हवं होतं. पण तिला शिकवायची हौस. म्हणाली, तिकडं दुसरे काही खेळ आहेत, त्यांत रंगाचं पान नसलं की हुकूम मारावाच लागतो. मोकळीक नाही. काही खेळांत तर वरचढ पान हातात असलं की वरचढच टाकायचं, हात सोडून द्यायची सोयच नाही. मला ते एकदम पटलं. मी म्हणाले, हा खरा नियम. हुकूम हातात ठेवून हात जाऊ देणारा माणूस लबाड. तुम्ही म्हणालात, "आगं, ज्याच्याकडं न्हाई त्याला आनखी बांधून कशाला घालायचं? त्यानं म्होरं कशाला तरी राखून ठेवला असंल." मी म्हणाले, "पुढं म्हणजे कधी? डाव संपल्यावर?" तुम्ही म्हणालात, "जबरदस्तीनं मारलेला हुकूम काय कामाचा?" दोघी अशा तावातावानं बोलत होतो की वैशू मधे पडली. "आई, आक्का, तुम्ही पत्त्यांवरच बोलताय ना?" मी चहा टाकायला उठले.

त्या खेळात गुलाम सगळ्यांत मोठे. राजा, राणी, एक्का खाली, चारही गुलाम वर, आणि कुठलाही हुकूम असो, गुलाम कायम हुकमातले. यावरून तर तुम्ही वैशूला रडकुंडीला आणलंत. बदाम हुकूम होता, इस्पिकची उतारी झाली, आणि भायांनी इस्पिकचा गुलाम टाकला. वैशू म्हणाली, "तो इस्पिक नाही आता, तो हुकूम आहे. मोठ्या बाबांकडं इस्पिकची सत्ती असताना तो टाकता येत नाही." भायांनी गुलाम उलटसुलट करून पाहिला. तुम्ही त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलात. "इस्पिक न्हाई कसा? त्याच्या डोक्यावर इस्पिक काढलंय!" ती म्हणाली, चित्र काहीही असो, मोजायचा हुकमात. इस्पिक मागितलं तर तो द्यायचा नाही, हुकूम मागितला तर मात्र त्याला बाहेर यावंच लागतं. तुम्ही तो गुलाम हातात घेतलात. मग माझ्या कानाशी आलात. "सुमन, आपल्यावानीच हाय की गं. दंडावर माहेरचं गोंदण, आन् हाक आली की सासरच्या नावानं उठायचं." आणि दम लागेस्तोवर हसलात. भाया विचारत होते काय झालं, तर तुम्ही म्हणालात, "काय न्हाई, बायकांचं हाय."

पण खरी अडचण वेगळीच होती. मेंढीकोटात बोलायला लागत नाही. स्काटमध्ये बोलल्याशिवाय पान पडत नाही. आधी बोली. एकानं आकडा विचारायचा, अठरापासून. दुसऱ्यानं 'हो' म्हणायचं किंवा 'पास'. हो म्हटलं की विचारणाऱ्यानं पुढचा आकडा विचारायचा. जो शेवटपर्यंत टिकेल तो एकटा खेळणार, हुकूम तो ठरवणार. आकडेही सरळ नाहीत. अठरा, वीस, बावीस, तेवीस, चोवीस आणि मग एकदम सत्तावीस. वैशूनं ते पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दिले. पहिल्याच डावात विचारायची पाळी यांची आणि उत्तराची भायांची आली. दोघंही पुठ्ठ्याकडं बघत बसले.

तुम्ही लगेच तोड काढलीत. "वाटणारी रिकामीच असती ना? मंग बोली मी सांगते." यांच्याकडं वळलात. यांनी तुमच्याकडं बघून हळूच अठरा म्हटलं. तुम्ही भायांकडं वळलात, "ते इचारत्यात, अठरा." भाया तुमच्याकडं बघून, "हाय म्हणावं." तुम्ही यांना, "हाय म्हणत्यात." वैशू हसून हसून वाकळीवर आडवी झाली. मग उठून म्हणाली, "आक्का, पण वाटायची पाळी फिरते. पुढच्या डावाला आई वाटेल." तुम्ही म्हणालात, "फिरू दे तिकडं. हितं मीच वाटणार."

आणि खरंच, नंतर कायम तुम्हीच वाटलंत. वैशू परत गेली, तुम्हाला दम लागायला लागला, जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगून गोळ्या दिल्या, पण अवस चुकली नाही. कडुलिंबाच्या बुडाला उशी लावून बसायचात, वाटायचात, बोली इकडची तिकडं करायचात आणि मग पानं पडताना बघायचात. तुमच्यासारख्या खेळणारीला हातात एक पान नाही. मी म्हणायची, "आक्का, घ्या माझी पानं, मी बसते." तुम्ही नको म्हणायचात. मी बोली जिंकून एकटी पडले की दोघं भाऊ मिळून माझी धूळधाण करायचे, त्यात तुम्हाला कोण आनंद. दमत होतात म्हणून खेळत नव्हतात, की आम्हा तिघांना तिघांतच बसायची सवय लागावी असं काही तुमच्या मनात होतं? मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलंही नसतंत. मी पुष्कळदा विचार केला, मला उत्तर सापडलं नाही, आणि आता तो नाद मी सोडला आहे.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात पेरणी झाली होती. तुमचा संदीप पुण्याहून आला. तेरवीपर्यंत निरोप्याचं काम त्यानं केलं. बाप म्हणे, काकाला विचार, आचारी कोण बोलवायचा. काका म्हणे, आबाला सांग, मंठ्याचा बोलावलाय. दोघं भाऊ एकाच मांडवात, एकाच खांबाला टेकून. तेरवी झाली, संदीप म्हणाला, "आबा, पुण्याला चला." भाया म्हणाले, "रान कोन बघंल?" संदीप गेला. त्या दिवसानंतर मी भायांचा आवाज फक्त बैलांना हाक मारताना ऐकला. ताट पाठवलं की जेवायचे, ताट घासून दारात पालथं ठेवायचे. घरात टीव्ही असून लावत नव्हते. हे इकडून बघायचे आणि मला म्हणायचे, "जेवला का, बघ." मी म्हणायची, "तुम्ही बघा." मग हे गोठ्याकडं निघून जायचे.

अवसेच्या आदल्या दिवशी संदीपचा फोन आला. "काकू, आबा म्हणतात, बैल विकून टाकतो आणि येतो तुझ्याकडं. बोलायलाबी कुणी न्हाई म्हणतात तिथं." मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे." आणि भाकरी अर्धी टाकून उठले. आक्का, तुमचं जाणं मी कसंबसं पचवत होते. पण तुमच्या दाराला कुलूप पडणार, हे मला पचेना. तुम्ही इतकी वर्षं जी दोन माणसं एका वाकळीवर बसवलीत, ती महिनाभरात पांगणार, आणि मी नुसती ताटं पाठवत राहणार.

म्हणून परवा दुपारी मी वाकळ टाकली. कुणाला काही म्हणाले नाही. वैशूचा कॅट काढला, पुठ्ठा मधे ठेवला आणि पिसत बसले. हे आले. म्हणाले, "तिघात काय खेळायचं?" मी म्हणाले, "तिघांचाच खेळ आहे तो." भाया ओसरीवर होते. बऱ्याच वेळानं उठले, चपला घातल्या. मला वाटलं, चालले रानात. ते अंगण ओलांडून आले आणि आपल्या नेहमीच्या जागी बसले. तुमच्या जागेकडं कुणी सरकलं नाही.

वाटलं मी. दहा-दहा पानं, दोन बाजूला, बोली जिंकेल त्याच्यासाठी. विचारायची पाळी यांची आली, उत्तर भायांचं. दोघांनी पानं लावली. मग कुणीच हललं नाही. हे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं; मी तुमच्यासारखं भायांकडं वळून सांगावं, अठरा विचारतात. मी सांगितलं नाही. रीतीची आडकाठी होती, पण खरं कारण ते नव्हतं. मला राग आला होता. दोघांचा आला होता, आणि तुमचाही, की तुम्ही त्या दोघांचं तोंड होऊन बसलात आणि जाताना ते बरोबर घेऊन गेलात. मी पदर पुढं ओढला आणि आपल्या पानांत डोकं घातलं. शेजारी कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

मग हे म्हणाले, "अठरा." वाकळीकडं बघून म्हणाले, आणि आवाज असा की खोकल्यासारखा.

भाया म्हणाले, "हाय."

"वीस."

"हाय."

"बावीस."

"हाय."

पुढचा आकडा यांना आठवेना. पुठ्ठा उचलला, लांब धरला, जवळ आणला. तर भायाच म्हणाले, "तेवीस."

"हां. तेवीस."

"हाय."

चोवीस झाले, सत्तावीस झाले, तीस झाले. तिसाच्या वर आपण कधी गेलो नव्हतो, आक्का. एवढ्या बोलीला पानं फार भारी लागतात. मला वाटलं, भायांच्या हातात सगळे गुलाम आलेत. तेहतीस. हाय. पस्तीस. हाय. छत्तीस. हाय. यांचा आवाज आता मोकळा झाला होता, आणि भायांनी पानांकडं बघायचंच सोडलं होतं. ते यांच्याकडं बघत होते. चाळिसाला पुठ्ठ्यावरचे आकडे संपले. हे म्हणाले, "पास." माझी पाळी होती. मीही म्हणाले, "पास." भायांना, तोंडावर, जन्मात पहिल्यांदा.

भायांनी बाजूची दोन पानं उचलली, त्यांच्या बदल्यात दोन टाकली आणि किलवर हुकूम केला. आम्ही दोघांनी मिळून त्यांचे हात मारायला सुरुवात केली, ते मारतच गेलो. पानं खाली पडत गेली तसं दिसायला लागलं. चौकटचा एक गुलाम, एक राजा, आणि बाकी सगळ्या सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या. अठराला हो म्हणायच्याही लायकीची पानं नव्हती ती.

यांनी ती पानं हातानं पसरून नीट पाहिली. मग मान वर केली.

"दादा, असल्या पानांवर कशाला हाय म्हणून राह्यला व्हता?"

भाया पत्ते गोळा करत होते. ते म्हणाले, "तू इचारून राह्यला व्हता, म्हणून."